सुटलेलं पद

अख्ख्या नागपुरात बीजगणित जेवणाच्या पानापर्यंत आणणारा माणूस एकच होता, आणि तो माझा मामा होता. नंदनवनात राहायचा, शाळेत गणित शिकवायचा आणि घरी आला तरी मास्तरकी काही अंगावरून उतरायची नाही. चिवड्याची बशी समोर आली की आधी शेंगदाणे एका कडेला, डाळं दुसऱ्या कडेला, मग तोंडात घास. सजातीय पदं आधी एकत्र करा, हा वर्गातला नियम फराळालाही लागू. मामी वैतागून म्हणायची, ह्यांच्यासाठी चिवडा कालवायचाच कशाला? लग्नकार्यात पंगत बसवायचं काम तो आपणहून अंगावर घ्यायचा: तिखट खाणारे एका ओळीत, पथ्याचे दुसऱ्या. एकदा नवरदेवाचे वडीलच पथ्याच्या ओळीत गेले, त्यांना जिलबी मिळाली नाही आणि ते संध्याकाळपर्यंत फुगून बसले होते.

मॅट्रिकच्या वर्षी मी त्याच्या तावडीत सापडले. क्षचा वर्ग अधिक क्षचा घन म्हणजे क्षचा पाचवा घात, असं मी बेधडक लिहायची. अगं, घातांकांची बेरीज गुणाकारात करतात, म्हणून तो कपाळाला हात लावायचा. ते कसंबसं सुधारलं. दुसरी खोड मात्र जाईना. सगळी पदं जुळवून झाली की शेवटी एखादा एकटा य उरायचा आणि उत्तरात तो उतरवायला मी हमखास विसरायची. मामाला याचं खरंच वाईट वाटायचं. चहा तसाच ठेवून म्हणायचा, "त्यानं तुह्यं काय घोडं मारलं वं? कोणाशी जुळत नाही म्हणून त्याले काहून सोडून राहिली?"

पुढे माझं लग्न झालं आणि लवकरच मोडलं. मी माहेरी परत आले त्याच हिवाळ्यात मामेबहिणीचं लग्न निघालं. चार लोकांत हिला उभं कुठे करायचं, या घोराने आईची झोप उडाली होती, आणि खरं सांगायचं तर माझीही. मांडवात सगळ्यांचा फोटो ठरला. मामाने सवयीप्रमाणे रांगा लावल्या: जोडपी मागे, लग्नाच्या मुली पुढे, म्हातारी मंडळी खुर्च्यांवर. मी ना यांत, ना त्यांत. कोणी काही बोलायच्या आत मी गुपचूप मागे भांड्यांपाशी जाऊन उभी राहिले.

फोटोवाल्याने डोकं काळ्या कापडात खुपसलं. उत्तर तपासताना फिरवायचा तशी मामाने रांगांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "थांब गा. एक पद सुटलं."

तो मागे आला आणि माझं मनगट धरून मला सगळ्यांसमोर घेऊन गेला. एका काकूंनी हळूच विचारलं, हिला कोणत्या रांगेत?

"कोणत्याच नाही. ते माह्या बाजूले उभी राहीन."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. फार आठवण येते त्याची. तो फोटो माझ्या घरी आहे. त्यात सगळ्यांचे चेहरे स्वच्छ आलेत, माझाही. मामाचा तेवढा पुसट आहे, कारण ऐन वेळी त्याने मान वळवली होती, मी जागेवर आहे ना ते बघायला.