गोळी गेली, गोष्ट राहिली

आमच्या काकाला अख्खा रस्ता कुलूपकाका म्हणतो. कुलपं-किल्ल्यांचं त्याचं दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं तर काकाला बाहेर यावं लागतं. पण त्याचा खरा माल दुकानात नाही, पोटात. कुणाचं कपाट कुणाच्या नकळत उघडून दिलं, नवरा रुसून गेल्यावर कुणी कुलूप बदलून घेतलं, सगळं त्याला ठाऊक, आणि त्यातलं अवाक्षर कधी बाहेर पडलं नाही. काकू म्हणते, "यांच्या कानात शिरतं ते पोटात जातं, आणि तिथून कुठे जातं ते देव जाणे."

ते शोधायची वेळ शेवटी डॉक्टरांवर आली.

काका पांढराफटक पडत चालला होता. रक्त कुठून जातंय ते वरून नळी घालून सापडलं नाही, खालून घालूनही नाही. मग डॉक्टर म्हणाले, मधलं लांबलचक आतडं नळीच्या आवाक्यात येत नाही, त्यासाठी आता कॅमेऱ्याची गोळी आली आहे. गिळायची. ती दिवा लावून फोटो काढत पुढे सरकते, फोटो कमरेच्या पट्ट्यातल्या डबीत जमा होतात, आणि काम झालं की गोळी आपल्या वाटेने बाहेर.

"म्हणजे कुलूप न उघडता घर बघायचं," काका म्हणाला. त्याला धंद्याचा अपमान वाटला असावा.

ही गोष्ट फुटून चालणार नव्हती. नव्या शाळेच्या सगळ्या दारांचं काम त्याला मिळायचं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी तसा शब्द दिला होता. आजारी कारागिराच्या भरवशावर शाळा कोण ठेवतं? म्हणून माहीत होतं ते काकूला, मला, आणि दुकान बंद दिसू नये म्हणून तिथे बसणाऱ्या घड्याळजीला. घड्याळजीचं दुकान भिंतीला भिंत लावून. दोन्ही दुकानांपुढे काकाचा एक बाक, आणि त्यावर चहा पीत दोघांचे केस पिकलेले.

"एवढं पोटात ठेव," काका म्हणाला.

"तुझ्या पोटात गोळी, माझ्या पोटात गोष्ट," घड्याळजी म्हणाला. वाक्य इतकं झकास जमलं होतं, की ते वाया घालवणं त्याच्या जिवावर आलं असणार.

गोळी गिळून, पोटावर तारा चिकटवून, कमरेला पट्टा बांधून आणि वर माझा ढगळ कोट चढवून काका दवाखान्यातून निघाला. जरा फिरा, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. कोपऱ्यावर फळवाला म्हणाला, "काका, कुठवर पोचली?"

"कोण?"

"गाडी हो. आतली."

काकाने कोटाचं वरचं बटण लावलं. पुढे इस्त्रीवाली मावशी. "फोटो काढून घेताय, तर केस तरी विंचरायचे."

मला हसू आवरेना. काका हसला नाही. फोडलेल्या कुलपाकडे बघतो तसा तो मावशीकडे बघत होता. "तुला कुणी सांगितलं?"

"घड्याळजींनी. फार काळजी आहे हो त्यांना तुमची."

शाळेच्या फाटकात मुख्याध्यापिकाबाईच भेटल्या. "अहो, अशा अवस्थेत कशाला फिरताय? दारांचं काम घड्याळजींच्या जावयाला देऊन टाकलंय. त्यांनीच सुचवलं, तुम्हाला दगदग नको म्हणून."

"बरं केलंत," काका म्हणाला. मग घराकडे वळला. पट्ट्यातल्या डबीचा दिवा तेवढा कोटाआडून लुकलुकत होता.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी पडद्यावर त्याचं आतडं दाखवलं. गुलाबी, ओला बोगदा, आणि एका वळणावर लहानशी जखम. औषधाने भरेल म्हणाले.

"बाकी काही दिसलं नाही?" काकाने विचारलं.

"काही नाही. स्वच्छ आहे सगळं."

काका तिथून तडक बाकाकडे आला. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसला होता. ते त्याने काढलं नाही.

"अरे, काळजीपोटी बोललो रे."

"काळजीपोटी की जावयापोटी?"

घड्याळजी हातातल्या घड्याळाशी बोलल्यासारखा म्हणाला, "पोरीच्या संसाराचा प्रश्न होता."

"मागितली असतीस तर अर्धी दारं दिली असती तुला."

मग घड्याळजीने हळूच विचारलं, "आता माझं सांगत सुटशील?"

त्याचं काहीतरी काकाकडे आहे, हे रस्त्याला फार वर्षांपासून ठाऊक. काय आहे, ते काकूलाही माहीत नाही. फळवाल्याचा तराजू अधांतरी थांबला. मावशीची इस्त्री कुणाच्या तरी सदऱ्यावर टेकलेलीच राहिली. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, कान पुढे केला.

"तुझं आहे तिथेच आहे," काका म्हणाला. "कॅमेरा शेजारून जाऊन आला. त्याला दिसलं नाही."

मग त्याने बाक उचलला आणि आपल्या दुकानात नेला. दुकान एवढंसं, बाक आत गेल्यावर काकालाच जागा उरली नाही. तो दारात उभा राहून किल्ली घासायला लागला, घड्याळजीकडे पाठ करून.