मी काठावर फक्त उभा होतो

मला पोहता येत नाही. तरीही गावच्या सत्कारात, भर माईकवर मी सांगितलं की नौदलातल्या आमच्या शूर जवानाला पोहायला मी शिकवलं.

तो माझा विद्यार्थी. खवळलेल्या समुद्रात उडी घेऊन त्याने बुडत्या बोटीवरचे मच्छीमार वाचवले, शौर्यपदक मिळवलं, आणि विंचूरजवळच्या आमच्या लहानशा गावात सत्काराचा मंडप उभा राहिला. सूत्रसंचालकाने विचारलं, "विहिरीच्या गावातला पोरगा पोहायला शिकला कुणाकडून?" सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे, क्रीडाशिक्षकाकडे वळल्या. मी उठून "माझ्याकडून" म्हणालो. टाळ्या पडल्या. स्टेजवर तो उठू लागला, तर शेजारी बसलेल्या आईने त्याच्या पांढऱ्या गणवेशाची बाही धरून त्याला खाली बसवलं.

शिकवलं होतं तिने. दिवसभर व्यापाऱ्याच्या खळ्यावर ती कांदे निवडायची आणि उन्हं कलली की पोराला विहिरीवर आणायची. त्याच्या पाठीला वाळलेला भोपळा, कमरेला दोर, आणि दोराचं टोक तिच्या मुठीत. पोरगं रडायचं. ती म्हणायची, "रड, पण हात मारीत रड." महिन्याभराने तिने भोपळा सोडला, मग दोर.

तेव्हा मी काठावरून हसलो होतो. "काय मावशी, विंचूरला बंदर होणार आहे का?"

"बंदर नाय होणार, सर. पण विहीर तर हाये ना," ती म्हणाली होती. नजर पाण्यावरून हलवली नव्हती.

सत्कारानंतर शाळेच्या दारातच माझा त्याच्यासोबतचा फोटो लागला. खाली माझं नाव, 'पोहण्याचे गुरू' म्हणून. रोज त्याच्याखालून वर्गात जायचं मला जड जाऊ लागलं. सहा महिन्यांनी मी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"मावशी, चुकलं माझं."

ती तांदूळ निवडत होती. "खोटं बोलले माईकवर, अन् माफी मागता उंबऱ्यात? असं कसं, सर? बसा, चहा घ्या. पण माफी तिथंच मागा."

मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते म्हणाले, "झाकली मूठ राहू द्या. लोक शाळेला हसतील."

"शाळेला नाही, मला हसतील. हसू द्या," मी म्हणालो आणि तो फोटो स्वतःच्या हाताने उतरवला.

प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन झाल्यावर मी माईक मागून घेतला. ती पहिल्या रांगेत होती, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. मागे फिरायचं नाही हे ठरलेलं होतं.

"त्याला पोहायला या मावशींनी शिकवलं," मी म्हणालो. "मी काठावर उभा राहून यांना हसलो, आणि पुढे यांचंच काम माझं म्हणून सांगितलं. मला स्वतःला पोहता येत नाही. मावशी, मी तुमचा अपराधी आहे. सगळ्या गावासमोर तुमची माफी मागतो."