गॅलरीतून घातलेले टाके

माझ्या आत्याला आमच्या इमारतीत सगळे 'कॉलरवाली' म्हणतात. शर्टांच्या कारखान्यात तिनं उभी हयात फक्त कॉलरी शिवल्या. कारखाना बंद पडला तेव्हा जुनं मशीन घरी आलं, पहिल्या मजल्यावर गॅलरीच्या दाराशी बसलं, आणि पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं सुरू झालं. आतोबा गेले आणि आत्यानं जिना उतरणंच सोडलं. भाजी मी आणायची, गिऱ्हाइकं वर यायची. मी खूप मागे लागले तर म्हणायची, "खाली काय ठेवलंय माझं?"

खाली मात्र बरंच काही घडायचं. रविवारी आमचा रस्ता गाड्यांना बंद असतो आणि मग तिथं काय अवतरेल याचा नेम नसतो. कधी सायकलींची शर्यत, कधी बॅंड, कधी उंच काठ्यांवर चालणारी माणसं. आधी कुणी सांगत नाही, एकदम कोपऱ्यावरून गलका उठतो. तळमजल्यावरचा लॉन्ड्रीवाला कपाळावर हात मारून घेतो. आत्या मात्र मशीनवरची मान वर न करता ऐकायची. "बिगूलवाला दमलाय गं," म्हणायची, "आता ढोलवाल्यावरच सगळा भार."

त्या रविवारी दुपारी असाच गलका उठला. मी गॅलरीत धावले तर समोर डोळेच डोळे! पहिल्या मजल्याएवढी उंच, लाल झग्यातली कापडी बाहुली डुलत डुलत येत होती. आत एक मुलगी सगळा सांगाडा खांद्यांवर पेलत होती, बाहेरून दोघं काठ्यांनी हात हलवत होते. बाहुली आमच्या गॅलरीपाशी वळली आणि तिची बाही कपडे वाळत घालायच्या दोरीच्या आकड्यात अडकली.

चर्रर्र!

एवढ्या वाजंत्रीतही आत्याला तो आवाज ऐकू गेला. ती ताडकन उठली. बाहुलीचा खांदा पार फाटला होता आणि हात लोंबत होता. मागे बॅंड थांबला, लोक एकमेकांवर आदळायला लागले.

"हात काढून टाका!" खालून त्यांचा दाढीवाला प्रमुख ओरडला. "तशीच पुढे नेऊ."

"तशीच?" आत्या कठड्यावरून वाकली. "माझ्या आकड्यानं हात तोडला आणि थोटी करून पाठवू? उभे राहा तिथंच!"

दाढीवाल्यानं वर पाहिलं, तोवर आत्या आत गेली होती. पिशव्या शिवायची जाड सुई, दुहेरी दोरा आणि बक्रमचा तुकडा घेऊन आली. कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते जाड कापड म्हणजे बक्रम. तो फाटक्या जागी आतून लावला तरच टाके धरणार होते.

"माझी कंबर धर," मला म्हणाली आणि अर्धी बाहेर वाकली. मी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

झग्यातून धापा ऐकू येत होत्या. "बाळ, खांदे भरून आले का गं?" आत्यानं विचारलं.

"आलेत आजी," आतून आवाज आला. "पण तुम्ही शिवा."

"लॉन्ड्रीवाले भाऊ! नुसते बघताय काय? इस्त्रीचं टेबल आणा, पोरीला सांगाडा टेकवू द्या."

गोंगाटाच्या नावानं बोटं मोडणारा तो माणूस टेबल डोक्यावर घेऊन धावत आला. सांगाडा टेबलावर टेकला आणि आतली मुलगी हुश्श करून मोकळी झाली. आत्या शिवत राहिली. बाहुलीलाच दटावत होती, "हलू नकोस बाई, टोचेल." लोक हसले. ढोलवाल्यानं टाक्यागणिक एकेक थाप द्यायला सुरुवात केली. मग टाळ्याही त्याच तालात पडू लागल्या. आत्याचं लक्ष नव्हतं. शेवटची गाठ मारून तिनं दोरा दातांनी तोडला, बाहुलीचा हात दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि म्हणाली, "आता हिला कुस्तीला न्या."

रस्ता नुसता दणाणला. काठीवाल्यानं बाहुलीचा तोच हात आत्याच्या डोक्यावर ठेवला. आत्या लाजून आत पळाली आणि चहाचं आधण ठेवून उगाच ढवळत बसली. "फार वाकले का गं मी?" एवढंच विचारलं.

संध्याकाळी दाढीवाला सांगाडा पेलणाऱ्या त्या मुलीला घेऊन आला. त्यांच्या शेडमध्ये फाटक्या बाहुल्या पडून होत्या, कापड जोडायला त्यांच्याकडे गोंदाशिवाय काही नव्हतं. "याल का?" त्यानं विचारलं. मला वाटलं, आत्या नाही म्हणणार. तिनं त्या मुलीच्या खांद्यांवरचे लाल वळ पाहिले. मग म्हणाली, "आधी पट्ट्यांखाली गादी शिवायला हवी. पोरी आहेत की हमाल?"

दुसऱ्याच दिवशी ती जिना उतरली, कठडा धरून, पायरी पायरीवर थांबत. आता आठवड्यातले निम्मे दिवस ती शेडमध्येच असते. दाढीवाल्याशी तिचं रोज वाजतं, कारण त्याला घाई आणि हिला पक्की शिवण हवी. गिऱ्हाइकं माझ्यावर चिडतात, मी निरोप घेऊन ठेवते. परवा तिला विचारलं, "पुढच्या मिरवणुकीत तुला गाडीवर बसवणार म्हणे?"

"बसून काय करू?" ती सुईत दोरा ओवत म्हणाली. "मी आपली बाहुलीच्या बाजूनं चालणार."