सत्कारमूर्तीशिवाय कार्यक्रम कसा?

महिला दिनाला लोणावळ्याच्या सभागृहात ‘काहीतरी आधुनिक’ करायचं ठरलं आणि कार्यक्रमाच्या समितीने मला, वस्तूंच्या मांडणीतून कलाकृती करणाऱ्याला, बोलावलं. आधुनिक म्हणजे प्रमुख पाहुण्यांना बसून फोटो काढता येईल असं, हे मला उशिरा कळलं.

मी पवनानगरच्या जीपवाल्या ताईंना गाठलं. कामशेत-पवनानगर वडाप, म्हणजे प्रवासी जीप, चालवणाऱ्या त्या एकट्याच बाई. त्यांचा गाडी चालवतानाचा व्हिडिओ कुणीतरी गावच्या मोबाइल ग्रुपवर टाकला होता. त्याखाली गावाने जे लिहिलं, ते सगळं त्यांनी जपून ठेवलं होतं. तेच मी कार्यक्रमासाठी मागितलं.

“देते, भाऊ. पन शब्द हायेत तसंच ऐकवायचं. अन् माझं नाव, फोटू कुटंच न्हाई. पोरगी नववीला हाय. लिहिणाऱ्यांचीच पोरं तिच्या वर्गात हायेत.”

मी भंगारातून जीपची ड्रायव्हरची सीट आणली. माणूस बसला की वजनाने स्पीकर सुरू होणार आणि ते शेरे पुरुषी आवाजात कानाशी ऐकू येणार. नको झालं तर दाबायला मी एक बटण ठेवलं होतं. ते पाहून ताई हसत सुटल्या.

“बटन? मागं धा जन बसल्यात, समोर घाट. मी कुटं दाबू?”

बटण काढलं. आता नको असेल त्याने सगळ्यांदेखत उठावं.

समितीला शिव्या खटकल्या. कुटुंबं येणार, तर शिवीच्या जागी ‘टूं’ वाजवा, असं सचिवांनी सुचवलं. मी यादी पुढे ठेवली. त्यातलं सर्वांत घाणेरडं वाक्य होतं, “हिला प्यासिंजर नको, गिऱ्हाईक पाहिजे.” यात शिवी एकही नाही, टूं कुठे वाजवू? तीन बैठका भांडलो आणि जिंकलो. स्वतःवर बराच खूश होतो.

कार्यक्रमाच्या सकाळी स्टेशनपासून सभागृहापर्यंत तीन फ्लेक्स लागले होते. प्रत्येकावर त्या व्हिडिओतला ताईंचा फोटो, पूर्ण नाव, गाव आणि खाली ‘अश्लील शेरेबाजी सोसणाऱ्या रणरागिणीचा भव्य सत्कार’.

“सत्कारमूर्तीशिवाय कार्यक्रम कसा?” सचिव खरोखर चकित झाले होते. “आम्हाला वाटलं, ताईंना आनंद होईल.”

शाल-श्रीफळाला नकार देणारं माणूस त्यांनी आयुष्यात पाहिलं नसावं. विचारायचं असतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

ताई आल्या त्या मोबाइल पुढे धरूनच. फ्लेक्सचा फोटो गावच्या ग्रुपवर पोचला होता. खाली नवे शेरे सुरू झाले होते आणि एकाने मुलीचंही नाव घेतलं होतं.

“शब्दांसाठी लय भांडलासा, भाऊ,” त्या म्हणाल्या. “फलक काय छापत्यात, ते न्हाई इचारलं?”

नव्हतं विचारलं. माझंही सगळं लक्ष माझ्या कलाकृतीवर होतं.

आम्ही दोघांनी फ्लेक्स उतरवले. “पाहुणे खंडाळ्यापर्यंत आलेत हो!” म्हणत सचिव मागे मागे फिरत होते. मी स्पीकरमधलं शेऱ्यांचं मेमरी कार्ड काढून ताईंच्या हातात दिलं. त्यांनी ते पर्समध्ये टाकलं आणि जीप काढली. शाळा सुटायच्या आत त्यांना मुलीला गाठायचं होतं.

पाहुणे आले, मुक्या सीटवर मिनिटभर डोळे मिटून बसले, उठले आणि माइकवर म्हणाले, “अंगावर काटा आला.” सभागृहाने टाळ्या वाजवल्या. ग्रुपवरचा फ्लेक्स उतरवायला मात्र आमचा हात पोचत नव्हता.