हळदीच्या गोदामातली पंगत

सांगलीत कृष्णेच्या काठाजवळ हळदीचं एक जुनं गोदाम आहे. मध्यंतरी त्याची आर्ट गॅलरी झाली. भिंतींना पांढरा रंग दिला, वर छोटे दिवे लावले, दाराला काच बसवली, पण हळदीचा वास काही गेला नाही. मला तो आवडतो. गॅलरी चालवणाऱ्या बाई पुण्याच्या, त्यांना आवडत नाही. त्या सारख्या उदबत्त्या लावत असतात. लावोत बापड्या.

या गॅलरीत माझ्या भाचीचं प्रदर्शन होतं. भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. चित्रकला शिकायला ती सांगलीला आली आणि माझ्याकडेच राहिली. तेव्हापासून दादा तिच्याशी बोलत नव्हता. दादा फौजेतून रिटायर झालेला, आता साताऱ्याकडच्या आमच्या गावात ऊस बघतो. पोरगी पळण्यात कायम पहिली यायची, म्हणून तिनं पोलिसात जायचं हे त्यानं ठरवून टाकलं होतं. तिनं ठरवलं नव्हतं. दोघंही एकापेक्षा एक हट्टी, आणि मधल्यामध्ये माझं भरीत.

दादाचा फोन मला यायचा. ऊस, पाऊस, वहिनीचे गुडघे, सगळं बोलून झालं की शेवटी खाकरून विचारायचा, "जेवली का?" मी म्हणायची, "तिलाच इचार की, हितंच बसलीय." की फोन बंद. महापुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं आणि आम्ही दोघी एका शाळेत मुक्कामाला गेलो, तेव्हा तर तो दिवसातून चार-चारदा फोन करायचा. बाकी काही नाही. "जेवली का?" एवढंच.

त्या शाळेतल्या पंगतीच पोरीच्या डोक्यात बसल्या होत्या. व्हरांड्यात अनोळखी माणसं गुडघ्याला गुडघा लावून जेवायची. कुणाचं घर किती बुडालं ते कुणी विचारत नव्हतं, फक्त मीठ पुढं सरकवायची. पाणी ओसरल्यावर तिनं नदीचा गाळ पाट्या भरून आणला. पळसाच्या पत्रावळी त्यावर दाबल्या, तशीच ताटं थापली आणि भाजली. पानांच्या शिरासुद्धा उमटल्या होत्या. आता गॅलरीत तिनं ती समोरासमोर दोन लांब ओळींत मांडली होती. पुढं बसायला पट्ट्या अंथरल्या होत्या, आणि प्रत्येक ताटात कडेला चिमूटभर खरं मीठ. बस्स. बाकी ताटं रिकामी.

उद्घाटनाला ये म्हणून मी दादाला फोन केला. तो हूं की चूं करेना. वहिनीनं मागून ओरडून सांगितलं, "येत्यात, येत्यात." मी पोरीला तसं सांगितलं, तर ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आत्या, येऊन दारातनंच परत गेला ना, तर मी पुन्हा गावात पाय ठेवणार नाही." ती बोलते ते करते. लेक कुणाची? उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मला चहासुद्धा गेला नाही.

दादा आला, पण एकटा कसा येईल? आमच्याकडं कुणाच्याही कार्याला माणूस एकटा जात नाही. अख्खी वडाप जीप भरून भावकी आली होती. वहिनी, आमचे म्हातारे चुलते, चुलती, चुलतभाऊ, त्यांच्या बायका. पुरुषांचे फेटे, बायकांची ठेवणीतली लुगडी. काचेच्या दाराबाहेर सगळ्यांनी चपला काढल्या आणि तिथं देवळासारखा ढीग झाला. पुण्याच्या बाईंनी हसून माहितीचे कागद वाटले. ते सगळ्यांनी घडी घालून खिशात ठेवले.

घरून सकाळी निघालेली माणसं, दुपार झालेली. चुलते आत शिरले. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. पट्ट्या अंथरलेल्या, पानं मांडलेली, मीठसुद्धा वाढलेलं.

"व्वा गड्या! पानं वाढून तयार हाईत," चुलते म्हणाले, "चला, बसा. मागल्यांचा खोळंबा नको."

आणि बसले. मला हाक मारायलाही सुचलं नाही. मीठ वाढलं की आमची माणसं ताटकळत राहत नाहीत, तो यजमानाचा अपमान असतो. बघता बघता एका ओळीत फेटे बसले, समोरच्या ओळीत पदर. "अहो, अहो, हात लावू नका!" करत पुण्याच्या बाई धावल्या. शहरातले पाच-सहा रसिक भिंतीला टेकले. एक दाढीवाला शेजारणीला म्हणाला, "हा परफॉर्मन्स आहे वाटतं," आणि त्यानं मोबाईल काढला. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला त्या दाढीवाल्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

"वाढपी कुटं हाईत रं?" चुलत्यांनी विचारलं.

वहिनीनं पुढ्यातलं पान बोटानं चाचपलं. "आवं, हे मातीचं हाय," ती हळूच म्हणाली. मग सगळ्यांनीच चाचपलं. आता पंचाईत अशी, की बसल्या पंगतीतून मधेच उठायचं नसतं. उठले तर पोरीचं हसं, बसून राहिले तर त्यांचं. अशा वेळी माणसं यजमानाकडं बघतात. सगळी भावकी एकदम दाराकडं बघायला लागली.

दादा अजून दारातच होता. पायात बूट, हात पाठीमागे. त्याची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. आता हा पाठ फिरवणार, मला वाटलं. एकदा रस्त्याकडं त्यानं बघितलंही. पोरीनं माझं मनगट एवढं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

मग तो खाली वाकला आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागला.

बूट जोडीनं भिंतीला लावून तो आत आला. पंगतीच्या तोंडाशी थांबून म्हणाला, "ओळ सरळ हाय." फौजी माणूस, त्याच्याकडून यापेक्षा मोठं कौतुक मी आजवर ऐकलेलं नाही. मला वाटलं आता तो बसेल. चुलत्यांनी सरकून जागासुद्धा केली. पण तो बसला नाही. त्यानं दोन्ही हात जोडले आणि दोन ओळींच्या मधून, एकेका माणसापुढं वाकत, हळूहळू चालायला लागला.

"सावकाश होऊ द्या, मंडळी. सावकाश होऊ द्या."

घरच्या कार्यात घरचा माणूस पंगतीला बसत नाही, तो असा फिरतो. हे तिथल्या दाढीवाल्याला कळलं नसेल, पण भावकीला कळलं. वहिनीनं पदर डोळ्याला लावला. आणि मला, खरं सांगते, इतकं हलकं वाटलं की मी भिंतीचा आधार घेतला.

चालत चालत दादा शेवटाला, आमच्यापाशी आला. पोरीकडं न बघता म्हणाला, "माणसं बसल्यात. वाढायला घ्या की."

वाढणार काय? चहाबरोबर द्यायला आणलेला भडंगाचा डबा तेवढा होता. पोरीनं तो उचलला. पुण्याच्या बाई "ताटांना तेल लागेल गं" म्हणत राहिल्या आणि ही ओंजळीनं भडंग वाढत सुटली. कुणालाही हात लावू न दिलेल्या त्या ताटांत, आधी चुलत आजोबांना, मग आईला, मग सगळ्यांना. कुरुमकुरुम आवाजानं गोदाम भरून गेलं. दाढीवालासुद्धा चपला काढून कोपऱ्यात बसला. बसू दिला.

मंडळी उठली, हात पुसत चहाकडं गेली. घरच्यांची पंगत शेवटी असते. दादा एका रिकाम्या पानावर मांडी घालून बसला. पोरगी डबा घेऊन त्याच्यासमोर उभी. तो बराच वेळ पानावरच्या शिरांवरून अंगठा फिरवत राहिला. मग खाकरला. ते खाकरणं मी फोनवर शेकडो वेळा ऐकलं होतं, म्हणून मी सवयीनं तोंड उघडलंच होतं.

पण या वेळी त्यानं मान वर केली आणि तिच्याकडं बघून विचारलं, "जेवलीस का?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग बस की," तो म्हणाला.

ती बसली. मी तिच्या हातातून डबा घेतला आणि दोघांना वाढलं.