पहिल्या नंबरचे ओटे

त्या बैठकीला मी भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. आमच्या नगरपंचायतीच्या नियोजन समितीची ती वर्षातली मुख्य बैठक. येत्या वर्षात गावात कोणती कामं करायची आणि कोणत्या क्रमाने, हे त्या दिवशी ठरतं. मी काही निवडून आलेला माणूस नाही. गणिताच्या शिकवण्या घेतो. दोन्ही गटांना दुसऱ्याचा माणूस नको होता, म्हणून मी स्वीकृत सदस्य झालो. मला मत नाही, पण बोलायला बंदी नाही. शिवाय समितीची एक अलिखित रीत आहे. प्रत्येकाने आपलं एक काम पाहिजे त्या नंबरवर सरकवून घ्यायचं, आणि दुसऱ्याच्या कामावर तोंड उघडायचं नाही.

माझं काम मासळीच्या ओट्यांचं होतं. एसटी स्टँडकडून नदीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ढिवरांच्या बायका मासे विकायला बसत. वर फाटकं प्लास्टिक, बुडाखाली गटारावरचा सिमेंटचा धापा, पाणी शेजारच्या हॉटेलातून मागून आणायचं. तो रस्ता रुंद होणार होता. जुन्या कोंडवाड्याच्या जागेवर छप्पर, नळ आणि सिमेंटचे ओटे बांधून बायकांना तिकडे न्यायचं होतं. ओटे आधी झाले तर त्यांची नुसती जागा बदलणार होती. रस्ता आधी झाला तर त्या उठणार आणि बसायला कुठेच जागा नाही.

त्यांच्यातल्या एकीकडून मी दर रविवारी मासे घ्यायचो. माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ. तिचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं. पुनर्वसनात घर मिळालं, पण मासळीचा धंदा तिकडे जमेना, म्हणून ती भावाजवळ इथे येऊन राहिली होती. पावशीच्या पात्यावर रोहू कापता कापता ती एकदा म्हणाली, "सर, तुमी तं कमेटीत आहा. आमाले उठवनार म्हनते. उठवा ना, कोन नाही म्हनते. पन आधी बसाची जागा दाखवा. धरनवाल्यायनं बी आधी उठवलं अन् मंग जागा दाखवली."

"मी आहे ना," मी म्हणालो.

बैठकीत माझ्या समोरच्या खुर्चीवर एक सदस्य बसायचा, त्याचा भाऊ ठेकेदारी करतो. त्याच भावाने शाळेपुढे घातलेला रस्ता वर्षाच्या आत उखडला, तेव्हा मी लेखी तक्रार केली होती. त्यावर या गृहस्थाने मला भर चौकात थांबवून सुनावलं होतं, "मास्तर, पोरायले पाढे शिकवा. डांबर आमाले समजते." तेव्हापासून तो ज्या बाजूला असेल तिच्या विरुद्ध बाजूला मी.

माझी पाळी आल्यावर मी म्हणालो, "मासळीचे ओटे पहिल्या नंबरवर घ्या."

"पहिल्याच नंबरवर मच्छी?" मागून कोणीतरी म्हणालं. "भूमिपूजनाच्या पाहुण्याले काय वास घ्याले बोलवाचं का?"

सगळे हसले. मी त्या समोरच्याकडे बघून म्हणालो, "यांच्या डांबराला निदान वास तरी असतो का? असता तर रस्ता टिकला असता."

"मास्तर, नीट बोला."

"नीटच बोलून राहिलो."

अध्यक्षांनी टेबलावर पेन आपटलं. समोरचा टेबलावर पुढे वाकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ऐका गा मास्तर. चौथ्यावर घ्या. चौथ्यावर घेतलं तं रस्ता खनाच्या आधी, दिवाळीले ओटे उभे राहतीन."

"म्हणजे पहिल्यावर तुमचा स्टँडचा रस्ता."

"माहा रस्ता तिसऱ्यावर आहे, तिथंच राहू द्या. पहिला मले फुकटात दिला तरी नोको."

तो खरं बोलत होता आणि ते मला कळायला हवं होतं. पहिल्या नंबरच्या कामाचं भूमिपूजन आमदार-मंत्र्यासारख्या मोठ्या पाहुण्याच्या हातूनच करायचं, ही आमच्याकडची पद्धत. बाकीच्या कामांना त्या त्या वॉर्डाचा नगरसेवक एखाद्या सकाळी नारळ फोडतो आणि दुपारी गिट्टी पडते. पहिलं काम मात्र पाहुण्याची तारीख मिळेपर्यंत थांबतं. आदल्या वर्षी पहिल्या नंबरवर लहान मुलांची बाग होती. तिच्या नावाचा फलक मी रोज शिकवणीला जाता येता बघत होतो. फलकामागे बोराटीची झुडपं होती, दुसरं काही नव्हतं. हे सगळं माहीत असूनही मी अडून बसलो. त्या क्षणी बायका माझ्या डोक्यात नव्हत्याच. तो मनुष्य चौथा म्हणतो म्हणजे पहिलाच घ्यायचा, एवढं एकच डोक्यात होतं. आणि आपलं काम यादीत सगळ्यात वर दिसावं, हेही होतं. ते लपवत नाही.

अध्यक्ष म्हणाले, "मास्तर म्हणतात तर पहिल्यावर. कोणाची हरकत?"

कोणाचीच नव्हती. इतक्या लवकर सगळे तयार झाले याचा मला संशय यायला हवा होता. मला मात्र जिंकल्यासारखं वाटलं. रविवारची वाट न बघता मी त्याच संध्याकाळी रस्त्यावर जाऊन बायकांना सांगितलं.

"पहिला म्हनजे कधी?" तिने विचारलं.

"पहिला म्हणजे सगळ्यांच्या आधी."

पाहुण्याची तारीख मिळाली नाही. आधी लग्नसराई होती, मग अधिवेशन, मग दौरा. मी स्वतः भंडाऱ्याला जाऊन त्यांच्या कार्यालयात बसलो. तिथला माणूस म्हणाला, एवढ्याशा कामासाठी साहेब येणार नाहीत, जवळपासचं दुसरं एखादं मोठं काम निघालं तर सोबत उरकू. मी अध्यक्षांकडे गेलो आणि तुम्हीच नारळ फोडा म्हणालो.

"मास्तर, पहिला नंबर मी उरकला तं वरचे मलेच उरकतीन," ते म्हणाले. "तुम्हाले कोनं सांगितलं होतं पहिला मागाले?"

पुढे आचारसंहिता लागली आणि तो विषयच बंद झाला. तिसऱ्या नंबरच्या रस्त्याला तोवर कधीच नारळ फुटला होता आणि आदेशही निघालेला होता. नवं काम सुरू करता येत नव्हतं, सुरू झालेलं थांबवायचं कारण नव्हतं.

जेसीबी आली त्या सकाळी मी तिथे गेलो. बायकांनी आपली टोपली आधीच उचलून पलीकडच्या दुकानाच्या पायरीवर नेली होती. दुकानदार त्यांना तिथूनही उठवत होता, मासळीच्या पाण्याने पायरी खराब होते म्हणून. ती मला बघून उभी राहिली.

"तुमी कायले आले? बघाले?"

"बाई, तारीख मिळाली नाही. मी प्रयत्न..."

"पहिला नंबर म्हनून सांगून राहिले होते ना? कोन्या गावचा हा पहिला नंबर?" मग बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "वो बायांनो, सरायले जागा द्या. सर आले, नंबर घेऊन आले."

त्या हसल्या. ते हसणं मला आजही सहन होत नाही. जेसीबीजवळ तो सदस्यही उभा होता. जवळ येऊन एवढंच म्हणाला, "आता म्हना पाढे." त्याच्या बोलण्यात समाधान होतं, आणि ते असायला त्याला कारणही होतं.

त्यानंतर ती रस्त्यावर दिसेनाशी झाली. काही बायका घरी बसल्या. ती डोक्यावर टोपलं घेऊन खेड्याखेड्यांत फिरते असं ऐकलं. फिरून विकताना मासे टिकत नाहीत, दुपारपर्यंत जे येईल त्या भावाने द्यावे लागतात. हे सगळ्यांना माहीत आहे.

यंदाच्या बैठकीत मी ओट्यांसाठी चौथा नंबर मागितला.

"यंदापासून अपूर्ण काम आपल्या नंबरवरच राहते," अध्यक्ष म्हणाले. "अन् खाली आणलं तं बाया मोर्चा आणतीन."

मी उभा राहिलो आणि जे झालं होतं ते सांगितलं. मला चौथा सुचवला होता, मी केवळ सुचवणाऱ्यावरच्या रागापायी पहिला धरून बसलो, चूक माझी आहे. मग एकजण म्हणाला, "हे बी इतिवृत्तात घ्याचं का साहेब?" आणि हसू पसरलं.

समोरचा हसला नाही. "चौथा माहा आहे," तो म्हणाला. "मी देतो. पन पहिल्यावर कोन येते ते पहा. पहिला रिकामा ठेवता येत नाही."

अध्यक्षांनी टेबलाभोवती एकेकाला विचारलं. कोणी पाण्याची टाकी देईना, कोणी दवाखान्याची भिंत देईना. यादीत खाली आमच्या गल्लीच्या नालीची दुरुस्ती होती. ती माझ्याच आग्रहाने घातलेली, आणि आमच्या गल्लीत तिची सगळे वाट बघत होते. मी म्हणालो, "आमची नाली घ्या पहिल्यावर."

"मास्तर, शेजारी मारतीन तुम्हाले," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो माझ्याशी चांगलं बोलला असेल. मला त्याचा राग अजूनही आहे, आणि तो बरोबर होता म्हणून जरा जास्तच आहे.

गल्लीत मला विचारतात, नाली कितव्यावर? मी पहिल्यावर सांगतो. ते खूश होतात आणि मी घरात जातो. शेजाऱ्यांना खरं सांगायचं राहिलं आहे.

तिला मात्र मी शोधत गेलो. ती एका खेड्यात शाळेच्या भिंतीशी टोपलं उतरवून बसली होती. टोपल्यात थोडे झिंगे उरले होते, त्यांवर ओलं फडकं. मी सांगितलं, ओट्यांचा नंबर बदलून घेतला.

"आता कितवा?"

"चौथा."

तिने फडकं उचललं, झटकलं, पुन्हा घातलं. "पहिला होता तेवा झाले नाही. आता चौथा करून आले सांगाले."

"चौथा लवकर होतो बाई. यंदा नक्की होतील."

"जा सर," ती म्हणाली. तिच्या आवाजात रागही उरला नव्हता. "उन्हाचं कायले उभे राहता."

मी झिंगे मागितले. तिने विकायचे नाहीत म्हणून सांगितलं.

कोंडवाड्याच्या जागेवर आता गिट्टी पडली आहे, खांबांचे खड्डे खणून झाले आहेत. बाकीच्या बायका येऊन बघून गेल्या, कोण कुठे बसणार यावरून त्यांची भांडणंही सुरू झाली. ती अजून आलेली नाही. नळाजवळची जागा तिला ठेवा, असं मी त्यांना सांगून बघितलं. "ते आली तं पाहू," त्या म्हणाल्या, "तुमी त्यात नोका पडू."