बाबांचा हातगुण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, शाळेत नाही, मैत्रिणींना तर नाहीच. ज्यांना सांगायला पाहिजे होतं त्यांना फार उशिरा सांगितलं, आणि ते सांगणं — कसं म्हणू — न सांगितल्यासारखंच झालं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. अनोळखी माणसासमोर मान खाली घालणं जरा सोपं जातं. तेवढी सोयसुद्धा मी घ्यायला नको, पण घेते आहे.

आधी मी कोण ते सांगते. आम्ही ढिवर. अर्जुनीकडच्या आमच्या गावात मोठा तलाव आहे, मासेमारीची सोसायटी आहे, आणि माझ्या बाबांचा जन्म त्या पाण्यात गेला. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, गोंदियात विज्ञान शिकवते. मला कॉलेजात घातलं तेव्हा गावात एकानं बाबांना चारचौघांत विचारलं होतं, "पोरीले कॉलेजात धाडून का मासोळ्यांले इंग्रजी शिकवते का?" बाबा म्हणाले, "शिकवन. तुह्या बापाचं का जाते?" मला त्या डिग्रीचा माज आहे. होता म्हणत नाही, आहे. त्याच माजातून हे सगळं झालं, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आणि बाबांचं सांगायचं तर एकच गोष्ट — त्यांचा हातगुण. पावसाळ्यात सोसायटी तलावात मत्स्यबीज सोडते. हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या पन्न्यांमधून बीज येतं, पन्न्या आधी पाण्यावर तरंगत ठेवायच्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं झालं की मग तोंड सोडायचं. कधी सोडायचं ते बाबा सांगत. पाण्यात हात घालून. थर्मामीटर नाही, काही नाही. आणि पहिली पन्नी त्यांच्याच हातची — तसं केलं की बीज जगतं, असं सगळं गाव मानायचं. माझं विज्ञान त्यावर हसायचं. पण लहानपणी काठावर उभी राहून मी ते बघत असायची तेव्हा मला वाटायचं, तलाव बाबांचं ऐकतो.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे गोंदियात राहायला आले. गावात घर होतं, पण एकटे काय राहणार? आमचं घर नागऱ्याच्या वाटेवर, दोन खोल्या आणि पुढे पडवी. बाबांना करमत नव्हतं. त्यासाठी मी माशांची टाकी आणली — असं मी लोकांना सांगते. खरं हे की मला स्वतःलाच हवी होती. एक हॉटेल बंद पडलं होतं, त्यांच्याकडची सहा फुटी काचेची टाकी भंगारात निघाली होती. एका कोपऱ्यातून गळणारी, जुनं सिलिकॉन काळं पडलेलं. मोबाईलवर दहा-बारा व्हिडिओ पाहिले आणि ठरवलं, कारागीर लावायचा नाही. मी करणार. विज्ञानाची बाई आहे ना मी!

महिनाभर पडवीत तेच चाललं. जुनं सिलिकॉन ब्लेडनं खरवडून काढायचं, सगळं, कोपऱ्यात नखाएवढंही ठेवायचं नाही, नाहीतर नवं धरत नाही. मी काचेच्या आतून खरवडायची, बाबा बाहेरून. जाळी विणणारी बोटं ती, माझ्याहून जास्त साफ काम. मधेच थांबून खर्रा काढायचे — सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटलेला, तो आमच्याकडे कुणाला सुटत नाही — चिमूट गालात ठेवायचे आणि परत ब्लेड उचलायचे.

"खायच्या नाही, विकायच्या नाही, मंग मासोळ्या पाळते कायले वं माय?"

"पाहायला, बाबा."

"पाह्यलेच पाहिजे तर तलाव का कुठं पळून गेला का? बसचं तिकीट काढ!"

इतकं बरं चाललं होतं. आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदा हसत होते. हे मला लिहायलाच पाहिजे, कारण मी काय मोडलं ते तुम्हाला कळायला पाहिजे.

सिलिकॉन आणायला मी एकटीच गेले. दुकानदारानं कशासाठी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही — बाईमाणूस टाकी जोडते म्हटलं की तो मला शिकवायला लागला असता, आणि ते मला चाललं नसतं. तो म्हणाला, "मैडम, बाथरूमवाला ले जाओ, इसमें फफूंद नहीं लगती." मी ट्यूब हातात घेतली. पुढच्या बाजूला बुरशी-प्रतिबंधक असं इंग्रजीत लिहिलेलं. मला वाटलं, वा! माशांनाही बुरशी लागते, तेवढं बरंच. मागची बाजू वाचली नाही. प्रयोगशाळेत मुलींना मी रोज ओरडते, बाटली उचलायच्या आधी लेबल सगळं वाचा. रोज.

शुक्रवारी मासे सोडले. सोळा गोल्डफिश. सिलिकॉन आणखी चार-पाच दिवस वाळू द्यायला हवं होतं, पण रविवारी स्टाफरूममधल्या तिघी टाकी बघायला येणार होत्या. मीच बोलावलं होतं. शनिवारी बाबा हवेचा पाईप सरळ करायला कोपरापर्यंत हात पाण्यात घालून बसले होते. मासे त्यांची बोटं चाटत होते. बाबा नातीला हाक मारून दाखवत होते, माझ्या मुलीला — "पाह्य, पाह्य, पप्पी घेऊन राहिल्या!"

रविवारी सकाळी सात मेलेले निघाले. मी गुपचूप काढून टाकले. पाहुण्या आल्या, चहा झाला, आणि सगळ्यांसमोर उरलेल्यातला एकेक आडवा होऊ लागला. शेजारच्या भाभी दारातूनच म्हणाल्या, "अरे मैडम, आपकी मछलियाँ तो उलटा तैरना सीख गईं!" सगळ्या हसल्या. वाईट मनानं नाही हसल्या. पण हसल्या.

आणि मी म्हणाले — हसतच म्हणाले — "बाबांची कृपा! खर्र्याचे हात पाण्यात घालत होते काल. तंबाखूचं विष आहे ते, मासे कसे जगतील?"

बाबा बिस्किटांची बशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी बशी खाली ठेवली. उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. मग आत गेले. नळाचा आवाज बराच वेळ येत होता.

आता तुम्ही म्हणाल, लाजेच्या भरात निघून गेलं असेल तोंडून. हो, गेलं असेल. त्या क्षणी मला ते अर्धंमुर्धं खरंही वाटलं असेल. तेवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

सगळ्या गेल्यावर पडवी झाडताना ती ट्यूब सापडली. मागची बाजू वर होती. बारीक अक्षरांत, सातव्या की आठव्या ओळीत — मत्स्यालयासाठी वापरू नये. मी दोनदा वाचलं. तीनदा वाचलं. मग ट्यूब जुन्या कागदात गुंडाळली, त्यावर दुसरा कागद गुंडाळला, आणि आमच्या कचऱ्यात टाकली नाही. सोमवारी शाळेत जाताना वाटेतल्या कचराकुंडीत टाकली. बघा, किती नीट विचार केला मी. भरात बोलून गेलेला माणूस असा विचार करतो का?

त्याच सोमवारी सकाळी बाबा फाटकाशी उभे होते. हातात एक बाटली, टाकीतल्या पाण्यानं भरलेली. बाटली आधी राखेनं घासली होती, तोंडाला पन्नी, वर दोरा. जाळ्याची गाठ मारतात तशी गाठ.

"शाळेत यंत्र असंन ना माय? पाहून सांग. माह्याच हातानं झालं का ते."

त्यांना खरं कळून घ्यायचं होतं. माझ्यावर, माझ्या शिक्षणावर विश्वास ठेवून त्यांनी ते पाणी माझ्या हातात दिलं. आणि मला खरं माहीत होतं — आदल्या संध्याकाळपासून माहीत होतं. तिथेच, फाटकात, एक वाक्य बोलायचं होतं. मी बाटली स्कूटीच्या डिक्कीत ठेवली.

आमच्या शाळेत असलं यंत्र नाही. लिटमस आहे, आयोडीन आहे, चार-दोन परीक्षानळ्या आहेत. मधल्या सुट्टीत मी गाठ सोडली — सुटायला वेळ लागला — आणि पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं. संध्याकाळी घरी आले तर बाबा पडवीत वाट बघत बसलेले.

"टाकलं यंत्रात?"

"टाकलं."

"का निघालं?"

"तंबाखूच निघाला, बाबा."

ही माझी कबुली. तीन शब्द. का बोलले? स्टाफरूममध्ये दिवसभर मी तेच सांगितलं होतं म्हणून? बी.एस्सी. झालेल्या बाईला ट्यूब वाचता आली नाही, हे कुणाला कळू नये म्हणून? मी सहा वर्षं उत्तर शोधते आहे आणि जे सापडतं ते इतकं लहान असतं की तेच सहन होत नाही.

एक खोटं बोललं की दुसरं करावं लागतं. सिलिकॉन तसंच ठेवलं असतं तर नवे मासेही मेले असते. म्हणून मी ते सगळं पुन्हा खरवडून काढलं — एकटीनं, बाबा ब्लेडला हात लावेनात — आणि या वेळी योग्य ते आणून लावलं. ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, तंबाखू सिलिकॉनमध्ये शिरला होता. बाबांनाही तेच सांगितलं. मासे जगले. आजही आहेत, काही वीतभर झालेत. लोक येऊन फोटो काढतात.

बाबांनी खर्रा सोडला. एका दिवसात. माझं कौतुक झालं त्याचं! भाभी म्हणाल्या, चलो, मछलियों की जान गई, पर बाबूजी सुधर गए. नवरा अजूनही पाहुण्यांना ही गोष्ट सांगतो, आणि मी हसते.

पण बाबांनी दुसरंही सोडलं. पुढच्या पावसाळ्यात सोसायटीनं बोलावलं तेव्हा ते गावी गेले, काठावर उभे राहिले आणि पन्नीला हात लावायला नाही म्हणाले. मला चुलतकाकाचा फोन आला. काका हसत होता — "का शिकवलं वं तू तुह्या बापाले? ढिवर पाण्याले भिऊन राहिला! म्हणते, माह्या हातात जहर आहे, पोरीनं यंत्रात टाकून पाह्यलं." मी फोनवर काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "त्यांची इच्छा."

दोन वर्षं सोसायटीनं बोलावलं. मग बोलावणं थांबलं. आता दुसऱ्याच्या हातानं पहिली पन्नी सुटते, आणि बीज तसंच जगतं. मला आधीपासून माहीत होतं जगेल म्हणून. माझं विज्ञान बरोबर होतं. त्याचं मी काय करू?

घरी बाबा टाकीपासून लांब, भिंतीला टेकून बसतात. मुलीनं पाणी मागितलं तर म्हणतात, तुह्या हातानं घे बेटा. पेला भरून देत नाहीत.

मागच्या महिन्यात एका दुपारी मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. ट्यूब, मागची बाजू, बेसिन, शाळेत यंत्र नव्हतंच तेही. रडणार नाही असं ठरवलं होतं, रडले नाही. शेवटी बाबांनी विचारलं, "झालं?"

"हो."

"मंग आता कायले जगून राहिल्या त्या? मी हात लावत नाही म्हणून."

"सिलिकॉन बदललं म्हणून, बाबा."

"अन् बदललं कायले? तंबाखू शिरला होता म्हणून. तूच त सांगतलं."

"खोटं सांगितलं होतं."

"खर्रा सोडला तरी हात तोच आहे माय. चाळीस वर्षांचा तंबाखू हाडात गेला. तू नको वाईट वाटून घेऊ."

मी म्हणाले, बाबा, ऐका. मी परत पहिल्यापासून सुरू केलं. दुकान, ट्यूब, आठवी ओळ. माझाच आवाज मला शिकवणीसारखा वाटायला लागला — मुलांना न पटलेली गोष्ट बाई पुन्हा समजावते तसा. ते ऐकत होते आणि हसू आवरत होते. किती तरी दिवसांनी हसत होते.

"बापाले बरं वाटावं म्हणून एवढी लांबलचक गोष्ट बनवली वं! तू शिकली, सवरली, पण खोटं बोलणं नाही जमत तुले. लहानपणापासून नाही जमत."

मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं. त्यांनी माझ्या डोक्याकडे हात आणला. मधेच थांबवला. धोतराला पुसला — आधी तळवा, मग मागची बाजू, मग एकेक बोट — आणि मग माझ्या डोक्यावर ठेवला.